दगडापेक्षा वीट मऊ: तंजावूरचा मतदार आणि दोन पक्ष

मत म्हणजे आवडत्या उमेदवाराला दिलेली पसंती, असे नागरिकशास्त्राची पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात मतदारांचा मोठा वर्ग नको असलेल्याला रोखण्यासाठी मत देतो. दोन्ही प्रमुख उमेदवार मनातून उतरलेले असतात. तिसरा बरा वाटतो, पण तो येईल असे वाटत नाही. मग दोघांत जो कमी त्रासाचा, त्याच्या चिन्हापुढचे बटण दाबले जाते. दगडापेक्षा वीट मऊ, हा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. या वागण्याला मतदाराचा दुबळेपणा म्हणण्याची रीत आहे, पण त्याचे मूळ मते मोजण्याच्या पद्धतीत आहे. ती पद्धत काय घडवते हे पाहायचे तर तमिळनाडूचा, आणि त्यातही कावेरीच्या मुखाशी वसलेल्या तंजावूर भागाचा, गेल्या साठ वर्षांचा राजकीय इतिहास फार उपयोगी पडतो.

भारतात एका मतदारसंघातून एकच आमदार किंवा खासदार निवडला जातो आणि सर्वाधिक मते मिळवणारा विजयी ठरतो. त्याला निम्मी मते मिळालीच पाहिजेत अशी अट नाही. फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ साली राजकीय पक्षांवरच्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचा परिणाम मांडला: ती हळूहळू दोनच मोठे पक्ष शिल्लक ठेवते. त्यांनी याची दोन कारणे दिली. पहिले केवळ गणिताचे. राज्यभर विखुरलेली दहा टक्के मते असलेल्या पक्षाला दहा टक्के जागा मिळत नाहीत. बहुधा एकही मिळत नाही. दुसरे कारण मतदाराच्या मनातले. हे गणित एकदा कळले की तिसऱ्या पक्षाचा चाहताही त्याला मत देताना कचरतो, कारण आपले मत वाया जाईल आणि नको तो निवडून येईल अशी त्याला धास्ती असते. पहिले कारण दुसऱ्याला बळ देते, दुसरे पहिल्याला. तिसरा पक्ष हरतो म्हणून लोक त्याला मत देत नाहीत, आणि लोक मत देत नाहीत म्हणून तो हरतो.

भारताच्या बाबतीत या नियमाला एक पुरवणी जोडावी लागते. देशभर दोनच पक्ष कधी झाले नाहीत, पण बहुतेक मतदारसंघांत खरी लढत दोघांतच होते, आणि कोणते दोघे हे राज्यागणिक बदलते. केरळात दोन आघाड्या आहेत. तमिळनाडूत १९७७ पासून द्रमुक आणि अण्णा द्रमुक हे दोन पक्ष आलटून पालटून सत्तेवर येत राहिले, आणि बाकीचे त्यांच्यापैकी एकाच्या वळचणीला उभे राहिले.

तमिळनाडूतली पहिली मोठी ‘नको’ची निवडणूक मात्र त्याआधीची, १९६७ची. पाच वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, २०६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला १३९ आणि द्रमुकला ५० जागा मिळाल्या होत्या. त्या पन्नासांत तंजावूरची जागा होती. तेथे तरुण करुणानिधींनी काँग्रेसचे परिसुत्त नाडार यांना दोन हजारांहूनही कमी मतांनी हरवले होते. १९६७ मध्ये काँग्रेसची मते ४६ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांपर्यंत उतरली. घसरण पाच टक्क्यांची, पण २३४पैकी ५१ जागाच हाती राहिल्या. द्रमुकला काँग्रेसपेक्षा किंचित कमीच मते होती, तरी जागा १३७ मिळाल्या. काँग्रेसचे खुद्द कामराज विरुदुनगरमध्ये पडले. मतदार एवढा बदलला नव्हता. विरोधकांनी आपली मते एकमेकांत फुटू दिली नाहीत, एवढाच फरक होता. मार्क्सवादी, मुस्लिम लीग आणि राजाजींचा स्वतंत्र पक्ष यांनी द्रमुकशी जागांचा समझोता केला आणि बहुतेक ठिकाणी काँग्रेससमोर एकच उमेदवार दिला.

यात राजाजींचे नाव सर्वांत बोलके. ते मुख्यमंत्री असताना १९५३ मध्ये त्यांनी आणलेल्या प्राथमिक शिक्षण योजनेविरुद्ध द्रमुकने रस्त्यावर उतरून आंदोलन केले होते. ईश्वर आणि जात, कशातच दोघांचे जमणारे नव्हते. तरीही काँग्रेसची मक्तेदारी मोडणे हे राजाजींना अधिक निकडीचे वाटले, आणि त्यासाठी द्रमुक चालेल असे त्यांनी ठरवले. कमी वाईट निवडण्याचा हा हिशेब मतदाराच्या आधी पुढाऱ्यांनी केलेला दिसतो. गंमत अशी, की राज्यभर द्रमुकचे वारे वाहत असताना करुणानिधी सैदापेटला निघून गेले आणि तंजावूरची जागा पुन्हा काँग्रेसच्या नाडारांकडे आली. दोन पर्यायांचा नियम मतदारसंघात चालतो आणि प्रत्येक मतदारसंघ आपल्या तब्येतीने चालतो.

द्रमुकचे संस्थापक आणि मुख्यमंत्री अण्णादुराई यांचे १९६९ मध्ये निधन झाले. १९७२ मध्ये एम. जी. रामचंद्रन (एमजीआर) यांना द्रमुकमधून काढण्यात आले आणि त्यांनी अण्णा द्रमुक काढला. १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. येथून पुढे काँग्रेसला स्वबळावर सत्ता मिळण्याची आशा उरली नाही, पण तिची मते दोन्ही द्रविड पक्षांना हवी होती. आणीबाणीत, जानेवारी १९७६ मध्ये, ज्या इंदिरा गांधींनी करुणानिधींचे सरकार बरखास्त केले आणि द्रमुकच्या अनेकांना तुरुंगात टाकले, त्यांच्याशीच करुणानिधींनी १९८०च्या लोकसभेला युती केली. तत्पूर्वी १९७९ मध्ये इंदिराजींनी तंजावूरची लोकसभा पोटनिवडणूक लढवण्याचे जवळजवळ ठरले होते. केंद्रातल्या जनता सरकारला दुखवायला नको म्हणून एमजीआर पाठिंब्यापासून मागे सरले आणि तो बेत बारगळला. १९८०च्या जानेवारीत द्रमुक-काँग्रेस युतीने राज्यातल्या ३९पैकी ३७ जागा जिंकल्या. केंद्राने लगोलग एमजीआरचे सरकार बरखास्त केले. काही महिन्यांनी विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा त्याच मतदारांनी एमजीआरना पुन्हा बहुमत दिले. दिल्लीसाठी जो दगड वाटला तो मद्राससाठी वीट ठरला. मतदार या हिशेबात मुरलेला होता.

एमजीआर १९८७ मध्ये गेले. त्यानंतरचे निकाल एखाद्या लंबकासारखे आहेत: १९८९ द्रमुक, १९९१ अण्णा द्रमुक, १९९६ द्रमुक, २००१ अण्णा द्रमुक, २००६ द्रमुक, २०११ अण्णा द्रमुक. त्यांतली १९९६ची निवडणूक नकारात्मक मताचा नमुना म्हणून अभ्यासण्याजोगी आहे. अण्णा द्रमुकच्या मुख्यमंत्री जयललितांच्या पहिल्या कारकिर्दीतली संपत्ती, मानलेल्या मुलाच्या १९९५ मधल्या लग्नातला डामडौल आणि भ्रष्टाचाराचे आरोप यांनी लोक चिडले होते. तरीही दिल्लीतल्या काँग्रेसने त्यांच्याशीच युती केली. तमिळनाडू काँग्रेसमधले जी. के. मूपनार यांनी ती मानली नाही. मूपनार तंजावूर जिल्ह्यातल्या कबिस्तलमच्या मोठ्या जमीनदार घराण्यातले. त्यांनी तमिळ मानिला काँग्रेस हा वेगळा पक्ष काढला आणि द्रमुकशी हातमिळवणी केली. जयललिता पुन्हा आल्या तर देवही तमिळनाडूला वाचवू शकणार नाही, अशा अर्थाचे अभिनेते रजनीकांत यांचे विधान त्याच प्रचारातले. त्यात करुणानिधींची स्तुती औषधालाही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निकाल: द्रमुक १७३, मूपनारांचा पक्ष ३९, अण्णा द्रमुक ४. जयललिता स्वतः बरगूरमध्ये हरल्या.

पाच वर्षांनी काय झाले? २००१ मध्ये मूपनार जयललितांच्या आघाडीत होते. ज्या युतीला नकार देऊन पक्ष जन्मला, तीच युती. द्रमुक तोवर भाजपच्या सोबत गेला होता आणि मूपनारांना ते मान्य नव्हते. आता त्यांच्या लेखी दगड कोणता आणि वीट कोणती हे उलटले होते. भ्रष्टाचाराच्या खटल्यातल्या शिक्षेमुळे जयललितांचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले होते, तरी अण्णा द्रमुकला १३२ जागा मिळाल्या आणि द्रमुक ३१ वर आला. कमी वाईट म्हणून दिलेल्या मतात निष्ठा नसते. ते उसने दिलेले असते आणि पुढच्या वेळी परत मागितले जाते. आदल्या पाच वर्षांत ज्याने छळले त्याला शिक्षा, हा त्या मताचा मुख्य हेतू. या खुर्चीबदलाला लोकशाहीची परिपक्वता म्हणावे की नाइलाज, याबद्दल दुमत होऊ शकते. पण शिक्षा होत राहिली आणि ती वेळेवर होत राहिली, हे नाकारता येत नाही.

तिसऱ्याचे काय होते, ते अभिनेते विजयकांत यांच्या पक्षाकडे पाहून समजते. दोन्ही द्रविड पक्षांना पर्याय म्हणून त्यांनी २००५ मध्ये मदुराईत डीएमडीके स्थापला. २००६ मध्ये तो एकटा लढला. आठ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, जागा एक, विजयकांत यांची स्वतःची. दुव्हर्जेंचे गणित अक्षरशः खरे ठरले. २०११ मध्ये ते अण्णा द्रमुकबरोबर गेले. जागा २९ झाल्या आणि द्रमुकलाही मागे टाकून ते विरोधी पक्षनेते बनले. पण ज्याच्या खांद्यावर बसून ते उंच झाले होते त्याच्याशी वर्षभरात बिनसले, आणि दोघांना पर्याय हा दावाही आता कोणाला पटेना. २०१६ मध्ये डावे पक्ष, वायको यांचा पक्ष आणि विडुतलै चिरुतैगळ हा पक्ष यांच्यासह त्यांनी तिसरी आघाडी उभारली. आघाडीला भोपळा मिळाला. विजयकांत यांची अनामत रक्कम जप्त झाली. एकटे लढावे तर मते मिळतात, जागा मिळत नाहीत. युती करावी तर जागा मिळतात आणि पक्ष असण्याचे कारण उरत नाही. २०२१ मध्ये नाम तमिळर कच्ची या पक्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, जागा एकही नाही. अभिनेते कमल हासन कोइंबतूर दक्षिणमध्ये १,७२८ मतांनी पडले.

कावेरीच्या मुखप्रदेशात हा पेच सर्वांत जास्त डाव्यांना सोसावा लागला. जुन्या तंजावूर जिल्ह्याच्या पूर्व भागात भूमिहीन दलित शेतमजूर मोठ्या संख्येने आहेत आणि कम्युनिस्टांनी त्यांच्या संघटना बांधल्या. २५ डिसेंबर १९६८ रोजी त्याच भागातल्या कीळवेनमणी गावात मजुरीच्या वादातून ४४ दलितांना, त्यांत बायका-मुले बहुसंख्य, झोपडीत जाळून मारण्यात आले. तेव्हा राज्यात द्रमुकचे सरकार होते, आणि मार्क्सवादी पक्ष आदल्याच वर्षी द्रमुकबरोबर निवडणूक लढला होता. पुढेही या भागातल्या डाव्यांना स्वबळावर फार थोड्या जागा मिळवता आल्या. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष २००१ मध्ये अण्णा द्रमुकबरोबर, २००६ मध्ये द्रमुकबरोबर, २०११ मध्ये पुन्हा अण्णा द्रमुकबरोबर, २०१६ मध्ये तिसऱ्या आघाडीत आणि २०२१ मध्ये पुन्हा द्रमुकबरोबर होते. बाहेरून हे संधिसाधूपणाचे दिसते. आतून पाहिले तर, चार-पाच टक्के मतांच्या पक्षाला दर पाच वर्षांनी कोणाला पाडायचे एवढेच ठरवता येते, काय घडवायचे ते ठरवता येत नाही.

दोन पक्षांत स्पर्धा अशी रोखठोक असली की ते एकमेकांसारखे होऊ लागतात. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये हे मांडले: दोघांनाही मधल्या मतदाराला ओढायचे असते, म्हणून दोघेही मध्याकडे सरकतात. तमिळनाडूत हे सरकणे जाहीरनाम्यांत दिसते. २००६ मध्ये द्रमुकने दोन रुपये किलो तांदूळ आणि मोफत रंगीत टीव्ही देऊ केला. २०११ मध्ये द्रमुकने मिक्सर किंवा ग्राइंडर म्हटले, तर अण्णा द्रमुकने मिक्सर, ग्राइंडर आणि वर पंखाही. हे हास्यास्पद म्हणून सोडून देण्याची घाई मात्र करू नये. एमजीआर यांनी १९८२ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना वाढवली आणि द्रमुकने १९८९ नंतर त्यात अंडे घातले. एकाने सुरू केलेले दुसऱ्याने बंद केले नाही, कारण बंद करणाऱ्याला पुढच्या वेळी दगड ठरवले गेले असते. कमी वाईट निवडण्याच्या सवयीचा हा फायदा सहसा कोणी मोजत नाही.

तोटा तंजावूरनेच दाखवला. मे २०१६च्या विधानसभा निवडणुकीत तंजावूर आणि करूर जिल्ह्यातल्या अरवाकुरिची या दोन मतदारसंघांत पैसे आणि वस्तू वाटल्या गेल्याचे निवडणूक आयोगाला आढळले. आयोगाने आधी मतदान पुढे ढकलले आणि २८ मे रोजी अधिसूचनाच रद्द केली. मतदारांना पैसे वाटल्याच्या कारणावरून विधानसभेची निवडणूक रद्द होण्याचा देशातला हा पहिलाच प्रसंग. १९ नोव्हेंबरला पुन्हा मतदान झाले. दोन्ही मोठ्या पक्षांनी तंजावूरमध्ये मे महिन्यातलेच उमेदवार पुन्हा उभे केले आणि अण्णा द्रमुकने ही जागा वीस हजारांहून जास्त मताधिक्याने जिंकली. निवडणूक रद्द झाल्याची शिक्षा मतदाराला मिळाली, सहा महिने आमदार नसण्याची. पक्षांना उमेदवार बदलण्याची गरजही वाटली नाही. दोघांवरही तोच आरोप असेल तर त्या आरोपाने कोणाचेच मत हलत नाही. निवड उरलेल्या मुद्द्यांवर होते. दोन पक्षांच्या पद्धतीतली खरी कमकुवत जागा ही आहे. ज्या दोषात दोघे भागीदार असतात त्याला शिक्षा करण्याची सोय मतपत्रिकेत नसते.

शेतीच्या प्रश्नात दोघांत फरक दिसला, तेव्हा मतदार नेमका तोलून वागला. मन्नारगुडी परिसरातल्या मिथेन प्रकल्पाचा करार द्रमुक सत्तेत असताना झाला होता आणि तो भातशेतीला घातक म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. अण्णा द्रमुक सरकारने त्याचे काम थांबवले आणि २०२०च्या फेब्रुवारीत कायदा करून कावेरी खोऱ्याचा बराच भाग संरक्षित कृषी क्षेत्र ठरवला. पण त्याच वर्षी या पक्षाने संसदेत केंद्राच्या तीन शेती कायद्यांना पाठिंबा दिला. २०२१ मध्ये तंजावूर जिल्ह्यातल्या आठपैकी सात जागा द्रमुक आघाडीकडे गेल्या. अण्णा द्रमुककडे उरली फक्त ओरत्तनाडू. दोन चुका दोन पारड्यांत घालून ताज्या चुकीला मतदाराने अधिक वजन दिले, असा या निकालाचा एक अर्थ लावता येतो. निकालाला इतरही कारणे होतीच. दहा वर्षांच्या सत्तेचा कंटाळा हे त्यांत मोठे.

या साऱ्यात लहान समूहांना स्वतःचा म्हणावा असा पक्ष मिळत नाही. तंजावूरचे मराठी भाषक हे त्याचे सोपे उदाहरण. व्यंकोजीराजांपासून चालत आलेले भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये वारसाअभावी खालसा झाले. मराठी बोलणारी घराणी तेथे अजून आहेत, पण इतकी थोडी की मराठी मतदार असा वेगळा गट निवडणुकीत मोजलाच जात नाही. त्यांनाही दोनांतला एक निवडायचा. उलट बेळगावात मराठी भाषक एका पट्ट्यात दाटीने राहतात. तेथे महाराष्ट्र एकीकरण समितीने काँग्रेस, जनता दल, भाजप या सर्वांना बाजूला सारून आमदार निवडून आणले. २०१३ मध्येही दोन आले. २०१८ मध्ये समितीचे गट एकमेकांसमोर उभे राहिले आणि एकही आला नाही. २०२३ मध्येही नाही. एका भागात एकवटलेली मते असली तर तिसऱ्यालाही जागा असते, ती फुटली की त्याच मतदारासमोर पुन्हा दगड आणि वीट उरतात.

दोघेही नकोत म्हणण्याची सोय भारतात २०१३ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या वर्षी सप्टेंबरमधल्या निकालानंतर मतदानयंत्रावर ‘नोटा’चे बटण आले. त्याआधी नियम ४९-ओखाली मत न देण्याची नोंद करता येई, पण ती मतदान केंद्राधिकाऱ्यासमोर, म्हणजे उघडपणे. नोटा गुप्त आहे आणि निष्फळही. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वाधिक मते मिळाली तरी त्यानंतरचा उमेदवार निवडून येतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७,५०० मते पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली. महायुतीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मीही मिळाली नाहीत. निकालात मात्र काही फरक पडला नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये एक पाऊल पुढे टाकले: स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटा पहिली आली तर फेरनिवडणूक.

परदेशात या पेचावर वेगवेगळे उपाय आहेत, पण ‘नको’चे मत कोठेच नाहीसे झालेले नाही. फ्रान्समध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोणालाही निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. २००२ मध्ये पहिल्या फेरीत डाव्यांची मते अनेक उमेदवारांत विखुरली आणि उजव्या टोकाचे ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले. मग त्याच डाव्यांनी नाके मुरडत दुसरे उमेदवार शिराक यांना मते दिली. पहिल्या फेरीत वीस टक्केही न मिळवलेले शिराक ८२ टक्क्यांनी आले. अमेरिकेत दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी नाही. २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तेथे ९७ हजारांहून अधिक मते होती. बुश यांच्या विजयाचा दोष नेडर यांच्या मतदारांना अजून दिला जातो.

पसंतीक्रमाची पद्धत यावर जास्त कामाची आहे. मतदार १, २, ३ असे क्रम लिहितो. पहिली पसंती बाद झाली तर मत दुसऱ्याकडे जाते. आवडत्याला मत देऊनही नावडत्याला रोखता येते. राष्ट्रपती आणि राज्यसभा यांच्या निवडणुका अशाच होतात, आणि महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतले मतदार हे क्रम स्वतः लिहितात. तमिळनाडूतल्या पदवीधरांनाही एकेकाळी ही संधी होती. १९८६ मध्ये एमजीआर सरकारने विधान परिषद बरखास्त करवली. करुणानिधी सरकारने २०१० मध्ये ती पुन्हा आणण्याचा कायदा संसदेकडून मंजूर करून घेतला. पुढच्या वर्षी जयललिता सत्तेवर आल्या आणि परिषद नको असे त्यांनी ठरवले, त्यामुळे ती आजवर पुन्हा अस्तित्वात आलेली नाही.